जीजीजी २०२० : एका हट्टी सॉफ्टवेअरसंचाचे परीक्षण

जमिनीवर ठेवलेला फूरिये रूपांतर वर्णपटमापी दिवसभर सूर्याकडे रोखलेला असतो, आणि त्याच्या नोंदींतून डोक्यावरच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एका पीपीएमपेक्षाही (दशलक्ष भागांत एका भागापेक्षाही) कमी चुकीने सांगावे, अशी अपेक्षा असते. यंत्र आणि आकडा यांच्या मधले सगळे काम सॉफ्टवेअरचे आहे. या कामासाठी जे मोजके संच उपलब्ध आहेत, त्यांपैकी जीजीजी हा जुन्या घराण्यातला म्हणावा लागेल. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जेफ्री टून यांच्या हातून तो घडला. स्पेस शटलमधून १९८५ ते १९९४ या काळात चार वेळा गेलेले अ‍ॅटमॉस हे उपकरण आणि बलूनखाली टांगून वर पाठवला जाणारा मार्क-४ हा व्यतिकरणमापी यांच्या नोंदींशी त्याची नाळ जोडलेली आहे. पुढे २००४ मध्ये विस्कॉन्सिनमधील पार्क फॉल्स आणि न्यूझीलंडमधील लॉडर येथील केंद्रांपासून उभ्या राहिलेल्या टीकॉन या जागतिक जाळ्याने तो आपला एकमेव अधिकृत संच म्हणून ठरवला. २०२० ही त्याची आवृत्ती २०१४ च्या आवृत्तीनंतर आली. दोन्ही आवृत्त्या वापरल्यानंतर लिहिलेले हे परीक्षण मुख्यतः अशा वाचकासाठी आहे, ज्याच्यासमोर स्वतःचे इंटरफेरोग्राम, म्हणजे अशा यंत्राच्या कच्च्या नोंदी, आहेत आणि ते कशातून काढावेत हे ठरायचे आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा संच वापरणाऱ्याला फार थोडी निवड देतो, आणि तीच त्याची खरी किंमत आहे. कोणत्या खिडकीत, म्हणजे वर्णपटाच्या कोणत्या अरुंद पट्ट्यात, वर्णरेखा जुळवायच्या, हवेचे पूर्वगृहीत चित्र कोठून घ्यायचे, कोणत्या दुरुस्त्या कोणत्या क्रमाने लावायच्या, हे सर्व आधीच ठरलेले असते. तुम्ही फक्त नोंदी, हवेचा दाब, तापमान, स्थान आणि वेळ पुरवायची. ज्याला प्रयोग करून पाहायचे आहेत, त्याला हा हट्टीपणा जाचतो. मात्र दोन खंडांवरच्या दोन केंद्रांच्या आकड्यांत दिसणारा फरक हवेतला आहे की हिशेबातला, या प्रश्नाचे उत्तर ज्याला हवे आहे, त्याला याहून बरी सोय मिळणे कठीण आहे.

संच विनामूल्य मिळतो आणि त्याची मूळ संहिता पाहायला खुली आहे. गाभा फोर्ट्रानमध्ये आहे, पूर्वगृहीत आलेख तयार करणारा भाग पायथॉनमध्ये. बसवणे लिनक्सची सवय असलेल्याला अवघड नाही. संचाबरोबर पार्क फॉल्स केंद्राचे नमुना वर्णपट येतात. ते आपल्या संगणकावर चालवून आलेली उत्तरे सोबतच्या उत्तरांशी ताडून पाहता येतात. ही पायरी वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि कोणीही ती वगळू नये.

आता मूळ कामाकडे. यंत्रातून बाहेर पडतो तो वर्णपट नसतोच. आरसा सरकत जातो तसे दोन किरणांच्या मार्गांतील अंतर वाढते, आणि त्यासोबत शोधकावरील प्रकाश खालीवर होत राहतो. या चढउताराची नोंद म्हणजे इंटरफेरोग्राम. टीकॉनच्या केंद्रांवर चालणारे आयएफएस १२५ एचआर हे यंत्र ४५ सेंटिमीटर पथांतरापर्यंत नोंद घेते, आणि हीलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दर अर्ध्या टप्प्याला एक नमुना टिपते. हिशेब केला तर एका फेरीला सुमारे १४ लाख बिंदू होतात. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी जलद फूरिये रूपांतराची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे गणित संगणकाला किरकोळ झाले आहे. आज ते कोणत्याही भाषेत एका ओळीत उरकते. नवखा माणूस नेमका या एका ओळीवर विसंबतो आणि पुढे महिनाभर चुकीच्या जागी चूक शोधत बसतो. माझ्या अनुभवात या संचाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्या ओळीच्या अलीकडे जे करावे लागते ते निगुतीने करणारा, आय-टू-एस या नावाचा, इंटरफेरोग्रामपासून वर्णपट बनवणारा कार्यक्रम. लेखांतून कौतुक होते ते पुढच्या, वर्णपटातून वायूचे प्रमाण काढणाऱ्या जीफिटचे. खरे कष्ट मात्र येथे झालेले आहेत.

पहिला प्रश्न ढगांचा. फेरी चालू असताना सूर्यावरून पातळ ढग सरकला की प्रकाशाची एकूण पातळी खाली येते, आणि इंटरफेरोग्रामच्या त्या भागाचे वजन आपोआप कमी होते. परिणामी वर्णरेखांचा आकार किंचित बिघडतो, आणि हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. शोधकाचा संकेत स्थिर पातळीसकट नोंदवला असेल, तर ती पातळी गुळगुळीत करून तिने मूळ नोंदीला भागता येते, आणि ढगाची छाया बऱ्याच अंशी पुसली जाते. आय-टू-एस हे स्वतः करतो आणि त्या फेरीत सूर्यप्रकाश किती हलला याचा आकडाही पुढे पाठवतो. हा चढउतार ५ टक्क्यांच्या वर गेला तर टीकॉनच्या रीतीत तो वर्णपट बाद होतो. यात अट एवढीच, की यंत्राची जोडणी मुळात स्थिर पातळी टिपणारी हवी. ती पातळी नोंदताना गाळून टाकली गेली असेल, तर मागाहून कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

दुसरा प्रश्न कलेचा, म्हणजे फेजचा. इंटरफेरोग्रामचे मधले शिखर नेमके एखाद्या नमुन्यावर पडत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्स व काचा मिळून वेगवेगळ्या तरंगसंख्यांना (तरंगसंख्या म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लाटा) थोडे वेगवेगळे मागेपुढे ढकलतात. नोंद शिखराच्या एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असल्यामुळे, आखूड बाजूच्या लांबीइतका दुबाजू तुकडा घेऊन त्यातून कला काढायची आणि ती पूर्ण नोंदीला लावायची, ही मर्ट्झ आणि फोरमन यांच्यापासून चालत आलेली पद्धत आहे. हा भाग मुकाट्याने चालतो आणि क्वचितच त्रास देतो.

तिसरा प्रश्न भुतांचा, म्हणजे वर्णपटातील खोट्या प्रतिमांचा, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे. वर सांगितलेला अर्ध्या तरंगलांबीचा टप्पा लेसरच्या संकेताच्या चढत्या आणि उतरत्या छेदबिंदूंवरून ठरतो. हे दोन छेद अगदी समान अंतरावर नसतील, तर एकाआड एक नमुना सूक्ष्म अंतराने सरकतो. त्यामुळे वर्णपटाच्या एका भागाची फिकट प्रतिमा ७८९९ प्रति सेंटिमीटर या रेषेभोवती आरशात पाहावी तशी दुसऱ्या बाजूला उमटते. लेसरची तरंगसंख्या १५७९८ आहे, तिचा हा बरोबर अर्धा. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड शोधकाचा पट्टा साधारण ३९०० पासून ११००० पर्यंत पसरलेला असल्याने तो या रेषेला ओलांडून जातो, आणि भुते थेट कामाच्या जागी येऊन बसतात. कार्बन डायऑक्साइडची ६२२० जवळची खिडकी घेतली तर तिच्यावर ९५७८ च्या आसपासच्या प्रकाशाचे भूत पडते. ऑक्सिजनची ७८८५ भोवतीची खिडकी तर आरशाच्या रेषेलाच खेटून आहे, त्यामुळे तिच्यावर तिचेच भूत येते: ७८८५ ची प्रतिमा ७९१३ ला, म्हणजे त्याच खिडकीच्या आत. ही चूक एका पीपीएमच्या पातळीला पोहोचू शकते, हे टीकॉनच्या केंद्रांवर २०१० च्या आसपास ध्यानात आले. आय-टू-एस दुसऱ्या, सिलिकॉनच्या, शोधकाच्या एकाच वेळी घेतलेल्या नोंदीवरून नमुन्यांची ही सरकण मोजू शकतो आणि इंटरफेरोग्राम पुन्हा समान अंतरांवर आणून मगच रूपांतर करतो. जुन्या नोंदींसाठी ही सोय अमूल्य आहे. तरीही लेसरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये चूक मुळातच कमीत कमी ठेवणे हाच पहिला उपाय आहे. सॉफ्टवेअरकडे दुसरी फळी म्हणून पाहावे.

जाता जाता एक गोष्ट. या यंत्राचे वियोजन, म्हणजे जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, ०.०२ प्रति सेंटिमीटर असे छापलेले असते, ते ०.९ भागिले पथांतर या व्याख्येने. एक भागिले दुप्पट पथांतर ही दुसरी व्याख्या घेतली तर तोच आकडा ०.०११ होतो. दोन लेखांतील वियोजनांची तुलना करताना आधी व्याख्या पाहावी, नाहीतर एकाच यंत्राची दोन यंत्रे होतात. जीजीजीमध्ये वर्णपटाला अपोडायझेशन, म्हणजे रेषांच्या बाजूच्या लहरी दाबणारी प्रक्रिया, लावले जात नाही; टोकाच्या लहरी तशाच ठेवून त्या जुळवणीच्या वेळी प्रतिमानातच धरल्या जातात, आणि हे योग्यच आहे.

वर्णपट तयार झाले की त्यांची यादी, म्हणजे रनलॉग, बनते आणि जीफिट कामाला लागतो. ठरलेल्या खिडक्यांमध्ये तो रेषेगणिक शोषण काढतो आणि मोजलेल्या वर्णपटाशी जुळेपर्यंत पूर्वगृहीत आलेखाला एका गुणकाने वरखाली करतो. आलेखाचा आकार बदलत नाही, सगळा आलेख एकत्र हलतो. म्हणूनच पूर्वगृहीत आकार चांगला असणे महत्त्वाचे ठरते, आणि २०२० च्या आवृत्तीतील सर्वांत जाणवणारी सुधारणा येथे आहे. नासाच्या जीईओएस प्रणालीतील हवामानक्षेत्रांवरून दर तीन तासांचा आलेख मिळतो, आणि कार्बन डायऑक्साइडसाठी मौना लोआ व समोआ येथील दीर्घ नोंदींवरून काळ आणि अक्षांशानुसार मूल्य ठरवले जाते. स्थितांबरातील हवेचे वयही त्यात धरलेले आहे. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि ऑक्सिजन यांच्या रेषांचे आकारही आता व्हॉइट या नेहमीच्या साध्या रेषा-आकारापुढे गेले आहेत: रेणूंच्या वेगानुसार बदलणारी रुंदी आणि शेजारच्या रेषांचे परस्परमिश्रण त्यांत येते. जुळवणीनंतर उरणाऱ्या अवशेषाचे चित्र दोन्ही आवृत्त्यांमध्ये शेजारी ठेवून पाहिले, की या बदलाचा परिणाम नुसत्या डोळ्यांना कळतो.

जीफिटची एक बारीक युक्ती मला विशेष आवडते. सूर्याच्या स्वतःच्या वर्णरेखा आणि हवेच्या वर्णरेखा यांच्या सरकण्यातील फरक तो वेगळा काढतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो, विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने. त्यामुळे दुर्बीण बिंबाच्या मध्याऐवजी एका काठाकडे झुकलेली असेल तर सौर रेषा डॉप्लर परिणामाने हलतात. अर्थात ट्रॅकर, म्हणजे सूर्याचा माग ठेवणारी यंत्रणा, चुकीच्या जागी पाहतो आहे, ही बातमी वर्णपटातूनच मिळते, वेगळा कॅमेरा बसवण्याआधीच.

आता ज्या गुणोत्तरावर सगळे उभे आहे त्याबद्दल. कार्बन डायऑक्साइडच्या स्तंभाला, म्हणजे डोक्यावरच्या हवेतील त्याच्या एकूण रेणूंना, ऑक्सिजनच्या स्तंभाने भागून ०.२०९५ ने, म्हणजे कोरड्या हवेतील ऑक्सिजनच्या वाट्याने, गुणले, की कोरड्या हवेतील सरासरी प्रमाण मिळते. दोन्ही वायू एकाच वर्णपटातून आल्यामुळे दिशेची, वेळेची, दाबाची, यंत्राच्या आकाराची कित्येक चूक अंश आणि छेद दोहोंत सारखीच येते आणि भागाकारात कटून जाते. हे वरदान आहे. पण चूक कटून जाते म्हणजे ती लपतेही, आणि तिला पकडण्यासाठी वेगळा पहारेकरी लागतो. तो पहारेकरी म्हणजे एक्सलुफ्ट, जर्मन भाषेतील हवेच्या नावावरून ठेवलेली राशी: भूपृष्ठदाबावरून काढलेला हवेचा स्तंभ आणि ऑक्सिजनवरून काढलेला स्तंभ यांचे गुणोत्तर. सर्व ठीक असेल तर ती एकाच्या अगदी जवळ राहते.

तिचे महत्त्व मला माझ्याच निष्काळजीपणामुळे कळले. नोंदी घेणाऱ्या संगणकाचे घड्याळ काही आठवडे जुळवायचे राहून गेले आणि ते जवळजवळ एक मिनिटाने मागे पडले. कार्बन डायऑक्साइडची मालिका पाहून कोणालाही शंका आली नसती. एक्सलुफ्ट मात्र सकाळी एका बाजूला आणि सायंकाळी दुसऱ्या बाजूला झुकलेली दिसू लागली. कारण सोपे आहे: एका मिनिटात पृथ्वी पाव अंश फिरते, आणि सूर्य माथ्यापासून ७५ अंश खाली असताना पाव अंशाच्या चुकीने किरणाच्या वाटेतील हवेचा हिशेब जास्तीत जास्त दीड टक्क्याच्या आसपास चुकतो, सकाळी एका चिन्हाने, दुपारनंतर उलट चिन्हाने. ज्या दिवशी आकृतीत हे तिरपे पंख दिसले, त्या दिवशी आधी ट्रॅकरवर, मग दाबमापकावर संशय घेऊन झाला. घड्याळाकडे सर्वांत शेवटी पाहिले. आता मी रोजच्या आकृतींमध्ये एक्सलुफ्टच आधी पाहतो, कार्बन डायऑक्साइड नंतर.

यापुढचा टप्पा दुरुस्त्यांचा. फाइलच्या नावामागे एकेक शेपूट वाढत जाते, व्हीएव्ही, मग एडीए, मग एआयए, आणि प्रत्येक शेपूट म्हणजे झालेली एक प्रक्रिया. वर्णरेखांच्या माहितीतील उणिवांमुळे सूर्य खाली असताना आणि वर असताना वेगळी उत्तरे येतात. दिवसाच्या मध्याभोवती सममित असलेला बदल खोटा आणि विषम बदल खरा, असे धरून पहिला काढून टाकला जातो. २०२० मध्ये ही दुरुस्ती प्रत्येक खिडकीला स्वतंत्रपणे लावली जाते. त्यानंतर विमाने आणि एअरकोर (बलूनने वर नेलेली, खाली येताना हवा भरून घेणारी लांब नळी) यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या मोजमापांशी सगळे आकडे एका गुणकाने जुळवले जातात, म्हणजे ते जागतिक हवामान संघटनेच्या मापदंडाशी बांधले जातात. २०१४ च्या आवृत्तीत हा गुणक कार्बन डायऑक्साइडसाठी ०.९८९८ आणि मिथेनसाठी ०.९७६५ होता. एक-दोन टक्क्यांचा असा गुणक पाहून काही जण नाक मुरडतात. मला मात्र तो उघडपणे छापलेला असणे हे या संचाच्या बाजूचे मोठे कारण वाटते, कारण रेणूंच्या प्रयोगशाळेतील माहितीतच तेवढी अनिश्चितता असताना ती झाकून ठेवणारा संच अधिक धोक्याचा.

मर्यादा स्पष्ट आहेत. वायूचे उंचीनुसार प्रमाण हवे असेल तर हा संच त्यासाठी नाही. मध्य-अवरक्त पट्ट्यात ते काम एसफिट-४ आणि प्रॉफिट या दुसऱ्या संचांवर चालते. ज्यांच्याकडे ईएम२७/सन हे छोटे, अर्धा प्रति सेंटिमीटर वियोजनाचे यंत्र आहे, त्यांनी आधी कार्ल्सरूहे तंत्रज्ञान संस्थेतील प्रॉफास्ट या संचाकडे पाहावे. अशाच छोट्या यंत्रांच्या कॉकॉन या जाळ्यासाठीच तो बनलेला आहे, आणि पायथॉनमधील त्याचा सारथी अनेक दिवसांच्या नोंदी एका दमात हाकतो. जीजीजी त्या यंत्रासाठीही वापरता येतो आणि तसा वापरला गेला आहे, पण स्वतंत्र आवरण, म्हणजे त्याला चालवणारे वेगळे सॉफ्टवेअर, लावून.

ग्रहांच्या अभ्यासकांनी तर येथे जपूनच पाऊल टाकावे. सूर्यप्रकाशातील शोषण मोजताना वर्णपटाची निरपेक्ष तीव्रता लागत नाही, म्हणून हा संच ती काढतही नाही. ग्रहाचे स्वतःचे औष्णिक उत्सर्जन मोजताना तीच मुख्य गोष्ट असते, आणि यंत्राची स्वतःची उष्णता वेगळ्या कलेने त्यात मिसळते. रेव्हरकोम्ब आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेले, दोन ज्ञात स्रोतांवर आधारलेले संमिश्र अंशांकन तेथे अटळ आहे. शनीभोवती २००४ ते २०१७ काम केलेल्या कॅसिनी यानावरील सीआयआरएस या अवरक्त वर्णपटमापीचे उदाहरण बोलके आहे. त्याचा दूर-अवरक्त भाग मोकळ्या अवकाशाकडे पाहून अंशांकित होई, मध्य-अवरक्त भागाला त्याखेरीज झडपेचाही आधार होता, आणि यानाच्याच इलेक्ट्रॉनिक्समुळे इंटरफेरोग्राममध्ये ठरावीक कालावधीने खिळे, म्हणजे टोकदार खोट्या उसळ्या, उमटत. मंगळाभोवतीच्या मार्स एक्सप्रेसवरील पीएफएस या वर्णपटमापीमध्ये यानाच्या सूक्ष्म कंपनांनी भुते निर्माण केली. ही भुते वर सांगितलेल्या भुतांची चुलत भावंडे असली तरी आय-टू-एसचा मंत्र त्यांना लागू पडत नाही, कारण येथे चूक एकाआड एक नमुन्याची नसून आरशाच्या वेगाची आणि दिशेच्या थरथरीची आहे.

तक्रारी सांगायच्या तर पहिली रनलॉगची. ही मजकुराची फाइल ठरावीक रकान्यांत वाचली जाते. एखादा आकडा रकान्यातून एका जागेने सरकला तर फोर्ट्रान कधी थांबतो, तर कधी न थांबता भलताच आकडा वाचून पुढे जातो, आणि दुसरी शक्यता अधिक वाईट. माहितीपुस्तिका ज्याला आधीच निम्मे माहीत आहे त्याच्यासाठी लिहिल्यासारखी आहे: कोणती फाइल कुठे ठेवायची हे सापडते, का ठेवायची हे लेख वाचून कळते. विद्यार्थ्याला एकट्याला बसवून हा संच शिकता येणार नाही. शेजारी एक जाणकार लागतो.

ज्यांना स्वतःची यंत्रे चालवायची नाहीत त्यांच्यासाठी याच संचातून निघालेली टीकॉनची नोंदसंपदा खुली आहे. प्रत्येक केंद्राची नेटसीडीएफ या स्वरूपातील फाइल, तिला स्वतःचा डीओआय (संदर्भासाठी कायमचा ओळख-क्रमांक), आणि सार्वजनिक फाइलमध्ये फक्त गाळणीतून पार पडलेली निरीक्षणे. उपग्रहाशी तुलना करणाऱ्यासाठी पूर्वगृहीत आलेख आणि सरासरीकारक गाभा, म्हणजे अ‍ॅव्हरेजिंग कर्नल (कोणत्या उंचीवरच्या हवेला मोजमाप किती संवेदनशील आहे याचा आलेख), फाइलमध्येच असतात, आणि ते न वापरता केलेली तुलना तुलनाच नव्हे.

शेवटी साठवणुकीचा मुद्दा, जो यंत्र मागवताना कोणाच्या यादीत नसतो. आवृत्ती बदलली की केवळ वर्णपटांपासून नव्हे, इंटरफेरोग्रामपासून पुन्हा सुरुवात करण्याची तयारी हवी. १४ लाख बिंदू, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे एका शोधकाच्या एका फेरीला साडेपाच मेगाबाइटहून थोडे अधिक. दोन शोधक आणि निरभ्र दिवसाच्या तीनशे फेऱ्या धरल्या तर दिवसाला साडेतीन गिगाबाइटच्या आसपास. वर्णपट ठेवून मूळ नोंदी पुसून टाकणाऱ्याला नमुन्यांची सरकण पुन्हा मोजता येत नाही.